घातांक शून्य, उत्तर एक

ज्याच्या घरी ऐकायला कोणी असतं, त्याचे शाळेतले किस्से रोजच्या रोज संपतात. चहाबरोबर सांगितले, दोघं हसले, झालं! माझे साचत जातात. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली, मुलगी सासरी नाशिकला. मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवतो, आणि साचलेल्या किश्श्यांतले निम्मे एकाच नियमाचे आहेत. शून्य सोडून कोणतीही संख्या घ्या, घातांक शून्य असला की उत्तर एक!

*

आठवीच्या वर्गात मी हा नियम फळ्यावर लिहिला आणि पुढे निघालो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, पाचचा घातांक शून्य म्हणजे पाच एकदाही घेतला नाही. मंग उत्तर शून्य पाह्यजे. एक काऊन?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"हो, पण काऊन?"

वीस वर्षं शिकवत होतो. 'का' असं कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं! मधल्या सुट्टीत हेडसरांकडे गेलो. ते स्वतः गणिताचे. त्यांनी चष्मा काढला, थोडा विचार केला, चष्मा परत लावला.

"सर, हा प्रश्न पेपरात एका मार्काले येते. एका मार्काले कारण लागत नाही!"

*

त्या रविवारी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मी मांडत बसलो. दोनचा चौथा घात सोळा. तिसरा आठ. दुसरा चार. पहिला दोन. घातांक एकाने उतरला की उत्तर निम्मं होतं. मग त्याखालची पायरी? दोनाचं निम्मं, एक! पाचाने करून पाहिलं. एकशे पंचवीस, पंचवीस, पाच. इथे दर पायरीला पाचाने भागायचं. पुन्हा एक!

"अगं, ऐक ना!" म्हणत मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलोही.

मग नाशिकला मुलीला फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सोळा, आठ, चार, दोन, एक. मी थांबल्यावर म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

*

सोमवारी वर्गात तेच मांडलं. त्या मुलीचा चेहरा खुलला. मी खूश होऊन खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच ती परत उभी!

"सर, मंग शून्याचाच घातांक शून्य असला तर? तिथं तं शून्याने भागा लागन!"

"तिथे ही युक्ती चालत नाही," मी म्हणालो. "म्हणूनच पुस्तकात 'शून्य सोडून' लिहिलंय. त्या शून्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही."

वर्गाने टाळ्या वाजवल्या! व्हरांड्यातून जाणारे हेडसर थबकले. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरायसमोर 'माहीत नाही' म्हणत जाऊ नका. कॉन्फिडन्स जाते."

"कोणाचा, सर?"

"माहा!"

*

डब्याच्या वेळी मराठीच्या मॅडमने विषय काढला. "काहीच नाही घेतलं अन् एक उरला, हे माह्या डोक्यात बसत नाही, सर."

मी समजावलं, "बेरीज सुरू करताना हातात शून्य धरायचं, कारण शून्य मिळवून काही बदलत नाही. गुणाकार सुरू करताना एक धरायचा, कारण एकाने गुणून काही बदलत नाही. अजून एकदाही गुणलं नसेल, तर तो एक आहे तसाच राहतो."

"म्हणजे कोणी येवो न येवो, तो आपला एकटा बसून राह्यते?"

"हो."

मॅडम हसल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या डब्याकडे गेलं. सलग चौथ्या दिवशी खिचडी होती. त्यांनी आपली अर्धी भाकर माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. "घ्या, मले ज्वारीची आवडत नाही."

वऱ्हाडातली बाई, आणि म्हणे ज्वारीची भाकर आवडत नाही!

*

शोभाताई आमच्या गल्लीत ब्लाउज शिवतात. नवरा वारला, मुलगा पुण्यात कंपनीत. त्यांची शाळा सातवीनंतर सुटली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि रविवारी दुपारी माझ्याकडे गणिताला येऊ लागल्या. सुरुवात आठवीच्या पुस्तकापासून. आणि अडल्या कुठे? नेमक्या तिथेच!

पायऱ्या मांडल्या, भागाकार करून दाखवला. त्यांची मान काही हलेना. शेवटी मी म्हणालो, "ताई, एवढा एक नियम पाठ करा आणि पुढे चला."

"पाठ करण्यातच जिंदगी गेली, सर. हे मले समजून पाह्यजे."

पुढच्या रविवारी त्या अस्तराचा तुकडा घेऊन आल्या. टेबलावर त्याला एक घडी घातली. "दोन पदर." दुसरी घातली. "चार." तिसरी. "आठ. कैची चालवायच्या आधी हेच मोजतो आम्ही. घड्या किती, तो तुमचा घातांक. बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी कापड झटकलं आणि टेबलावर सपाट पसरलं. "आता एकबी घडी नाही. पण कापड तं हायेच न, सर! एक पदर."

मी बराच वेळ त्या कापडावरून हात फिरवत राहिलो. शिकवण्याच्या एकविसाव्या वर्षी मला समजलं ते असं.

निकालाच्या दिवशी ताई मोबाइल घेऊन आल्या. स्वतः न बघता मलाच वाचायला दिला. गणितात एकोणसाठ! सगळ्या विषयांत पास! पेढे झाले, चहा झाला. मुलाला फोन झाला, तो कामावर होता, नंतर बोलतो म्हणाला. मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि दारातच थांबल्या.

"मंग सर, आता रविवारी..."

"ताई," मी म्हणालो, "भूमिती राहिली आहे."

भूमितीचं पुस्तक आम्ही डिसेंबरातच संपवलं होतं. दोनदा.

"हाव न," त्या म्हणाल्या, "भूमिती तं राह्यलीच."