इस्त्रीवाल्या मावशींचं स्वप्न

आमच्या गल्लीत एकेकाळी कुजबूज होती, की इस्त्रीवाल्या मावशींच्या स्वप्नात साक्षात बुद्ध आले आणि म्हणाले, "बाई, मला उकरू देऊ नका." जाताना अंगावरचं वस्त्रही इस्त्रीला टाकून गेले म्हणे. हे शेवटचं कुणी जोडलं, ते विचारू नका.

मावशींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक जडशीळ इस्त्री आणि मागे राहायची खोली. नवरा गेल्यावर दोन्ही पोरी त्यांनी त्याच टेबलावर वाढवल्या. समोरच्या मोकळ्या जागेत अख्ख्या गल्लीचा उकिरडा. निम्मा संसार कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरींवर चालायचा. एक दिवस लॉजचा मॅनेजर चादर नाकाशी धरून म्हणाला, "मावशी, यात काय मासळी बांधली होती? पुन्हा वास आला, तर चादरी दुसरीकडे देईन."

त्याच सुमारास उत्खननाचे साहेब आमच्या या पुरातन शहरात एक नाहीसं झालेलं बौद्ध मंदिर शोधत होते. जुन्या प्रवाशांनी भरभरून लिहिलेलं, पण एक वीट हाती लागेना. तोंड पाडून शर्ट न्यायला आले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "समोर बघितलंत का? सासरे सांगायचे, तिथं कोरीव दगड होते."

सासऱ्यांनी उभ्या जन्मात सुनेला 'चहा टाक' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

ट्रक लागले, उकिरडा हलला, चादरींचा वास गेला. खाली काय निघालं? आणखी उकिरडा! पण शेकडो वर्षांपूर्वीचा. फुटक्या मातीच्या दिव्यांचे ढीगच्या ढीग. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

"मावशी, एवढे दिवे घरात कोण लावतं? मंदिराचा कचरा आहे हा! आणि कचरा कुणी लांब नेऊन टाकतं का?"

"छे! कोण टाकतंय लांब," मावशी बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. साहेब दुकानाच्या फरशीकडे बघत होते.

संध्याकाळी मावशींनी नणंदेला मुद्दाम चहाला बोलावलं. नणंदबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. "वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते हं, कुठं बोलू नका," असं बजावून स्वप्न सांगितलं. सकाळी अख्खी गल्ली साहेबांपुढे उभी. "साक्षात त्यांनीच नको म्हटलंय, आता एक फरशी काढू देणार नाही!" साहेबांनी समजावून पाहिलं, शेवटी हात टेकले. समोरच्या खड्ड्याला कुंपण घालून ते गेले. कुंपणामुळे तिथं पुन्हा कचरा पडला नाही.

मावशींना कसलंही स्वप्न पडलं नव्हतं. त्यांना दुकान वाचवायचं होतं. मंदिर बहुतेक त्यांच्या टेबलाखालीच आहे.