नादान पायलट

माझ्या चुलत्यांनी हवाई दलात जितकी विमानं दुरुस्त केली तितकी आमच्या गावानं डोक्यावरून जाताना पाहिलीही नसतील, आणि घरी परतल्यावर त्यांनी जितकी विमानं पाडली तितकी कुठल्या शत्रूला पाडता आली नसतील. खरं सांगायचं तर पाडलेलं विमान एकच होतं. तेच त्यांनी एकवीस वेळा पाडलं.

आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, माळाच्या कडेला. पाऊस आमच्याकडे येता येता कुठंतरी दम खायला थांबतो तो तिथंच राहतो. आई मला आठवत नाही. वडील विहिरीच्या कामावर असताना दरड अंगावर येऊन गेले, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. चुलते त्याच्या आधीच, एकोणिसाव्या वर्षी, भरतीला पळाले होते आणि हवाई दलात मेकॅनिक झाले होते. वर्षातून एक महिना ते यायचे, कडक इस्त्रीच्या कपड्यात ओसरीवर पाहुण्यासारखे बसायचे आणि जायचे. मागं राहायची माझी चुलती, मी आणि बारा एकर मुरमाड रान. ज्वारी झाली तर भाकरी, नाही झाली तर हुलग्याचं पातळ माडगं. चुलता-चुलतीला स्वतःचं मूल झालं नाही. त्या माडग्यावर चुलतीनं मला आधी रहिमतपूरला आणि मग साताऱ्याला कॉलेजात ठेवलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

मी बी.एस्सी. झालो त्याच साली चुलते पेन्शनीत आले. दुष्काळ नुकताच सरला होता. एस.टी.च्या टपावरून त्यांची काळी ट्रंक उतरली आणि तिच्यामागून एक लांबोळका खोका. चुलतीला वाटलं, शिलाई मशीन. दोन वर्षं ती मागत होती. खोक्यातून निघालं पाच फुटी पंखांचं खेळण्यातलं विमान आणि दोन दांड्यांचा, लांब एरियलचा, जमिनीवरून विमान चालवायचा एक डबा. त्यांच्या एका साहेबांनी निरोपाला दिलेलं. चुलती ओसरीच्या खांबाला टेकून म्हणाली, "चोवीस वर्सं सरकारची इमानं राखली. आता ही सवत घरातच आणली व्हय?"

"अगं, तसं न्हवं," चुलते म्हणाले, "चोवीस वर्सं म्यां दुसऱ्याला उडवायला दिली. एक बी माज्या हातानं उडवलं न्हाई. येक डाव माज्या हातानं उडवायचं आन् चाकावर उतरवायचं. मग तुजं मशीन."

त्यांच्या मनातलं एवढंच होतं. उडवायचं आणि उतरवायचं. उडवणं पहिल्याच दिवशी जमलं.

चुलत्यांची उड्डाणाची रीत बघायला गाव माळावर जमायचं. आधी ते मेकॅनिक होत. विमानाभोवती फिरून एकेक खिळा, एकेक रबर बोटानं दाबून बघत, वहीत सही करत, टाचा जुळवून कडक सलाम ठोकत आणि म्हणत, "विमान तयार आहे, सर!" मग तेच विमानाला वळसा घालून पलीकडे जात, सलाम स्वीकारत आणि वहीत पायलट म्हणून दुसरी सही करत. हे दोघे एकमेकांना फारसे आवडत नसत. विमान पडलं की चुलते पुन्हा मेकॅनिक होत आणि तुकडे गोळा करता करता पायलटला शिव्या घालत: "मशीन चोख दिलं हुतं म्यां. पायलट नादान हाय, गड्या. लय नादान." ते इतकं मनापासून म्हणत की एकदा पोलीस पाटलांनी खरोखरच विचारलं, "मग बदला की आवं त्याला. दुसरा न्हाई का?"

तो पायलट नाना तऱ्हांनी नादान होता. एकदा त्यानं विमान धनगराच्या कळपावरून इतकं खालून नेलं की दीडशे मेंढरं चार दिशांना पांगली आणि ती गोळा करायला सारा गाव लागला. धनगर काठी टेकून एवढंच म्हणाला, "मिल्ट्रीवालं, तुमचं पाखरू बांधून ठिवा." एकदा विमान पंचायतीच्या कौलातून आत शिरलं. इंजिनाला मिथिल स्पिरिट आणि एरंडेल लागायचं. मी सांगलीच्या शाळेत सायन्स शिकवायला लागलो होतो, तिथून दर सुट्टीत बाटल्या घेऊन जायचो. इंजिन चालू झालं की मागच्या नळीतून एरंडेलाचा फवारा उडे. चुलत्यांच्या तिन्ही सदऱ्यांना, मिशांना, ताटातल्या भाकरीलासुद्धा एरंडेलाचा वास यायचा. पंखा बोटानं फिरवून सुरू करावा लागे, म्हणून उजव्या हाताच्या एका तरी बोटाला चिंधी असायचीच. मूळचं परदेशी हलकं लाकूड वर्षभरात संपलं. मग त्यांनी पांगारा आणला, वाऱ्यावर वाळवला, पाती तासली, वर पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. तिसऱ्या वर्षी त्या विमानात साहेबांचं इंजिन आणि यंत्रं तेवढी उरली होती. बाकी सगळं खटाव तालुक्याचं झालं होतं.

पडण्याचं कारण मात्र दर वेळी तेच. विमान लांब जाताना शहाण्यासारखं जायचं. वळून आमच्याकडे तोंड केलं की घोटाळा. चुलते डावीकडे वळवायला जात, ते उजवीकडे कलंडे, ते अजून जोरानं दांडी दाबत आणि विमान जमिनीत नाक खुपसे. डब्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. ती वाचायचं काम माझं. "तू बी.एस्सी. हायेस. सांग, काय चुकतंय?" त्यात या गोष्टीवर अर्धं पान होतं. शब्द सगळे मला येत होते, गोष्ट डोळ्यापुढे येत नव्हती. मी सरळ सांगायला हवं होतं की मला कळलं नाही. पण शिकलेल्या माणसाला ते वाक्य जड जातं. मी ऐटीत म्हणालो, "वाऱ्याचा दोष आहे." पुढची दोन वर्षं चुलते वाऱ्याची वाट बघत पहाटेपासून माळावर बसायचे. ती दोन वर्षं मी त्यांची घालवली. तेवढीच त्यांच्या हातात होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

एका दिवाळीत गेलो तर चुलते शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या चाचपडत होते. चुलती म्हणाली, "उंबऱ्याला अडाखत्यात. इचारलं तर उंबऱ्यालाच शिव्या देत्यात." मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. काचबिंदू म्हणाला, कडेची नजर गेलीय, नळीतून बघावं एवढीच उरलीय, तीही हळूहळू जाईल, गेलेली परत येत नाही. चुलत्यांनी मान हलवली आणि विचारलं, "किती दिवस, साहेब? मला येक काम उरकायचं हाय." परतीच्या एस.टी.त विट्यापर्यंत ते पुढच्या बाकाचे खिळे बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "मेकॅनिकला डोळे लागत न्हाईत रं. त्याची बोटं हायती. पर त्या पायलटचं अवघड झालं."

मग असं ठरलं की मी त्यांचे डोळे व्हायचं. आभाळात विमान त्यांना सापडत नव्हतं. मी शेजारी उभा राहून सांगायचं आणि त्यांनी दांड्या हलवायच्या. नाताळच्या सुट्टीत आम्ही माळावर गेलो. विमान वर चढलं, वळलं, आमच्याकडे येऊ लागलं. मी ओरडलो, "उजवीकडे!" त्यांनी उजवीकडे दाबलं. "अजून उजवीकडे!" त्यांनी अजून दाबलं. विमान बाभळीत गेलं आणि फाटलेला पंख वर फडफडत राहिला. मेकॅनिकनं त्या दिवशी कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. चुलते खाली बसले, हातानं जमीन चाचपत एकेक तुकडा धोतराच्या सोग्यात गोळा करू लागले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. बास झालं."

मी हे घरी सांगितलं तेव्हा चुलती चुलीपुढं होती. चार वर्षांत ती एकदाही माळावर आली नव्हती.

"तू कंच्या अंगानं सांगितलंस?" तिनं विचारलं.

"कंच्या म्हणजे? उजवीकडे म्हटलं."

"तुज्या उजवीकडं का इमानाच्या?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"बैल म्होरनं आपल्याकडं येतोय, तवा त्येचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. हे औताच्या माणसाला सांगावं लागत न्हाई. तू शाळा शिकलास, पर बैलामागं कवा चालला न्हाईस. म्यांच तुला औताला हात लावू दिला न्हाई."

आमच्या भागात बाईमाणूस नांगर धरत नाही. वडील गेले, चुलते सरहद्दीवर, म्हणून चुलतीनं तो धरला होता. लोक बांधावर उभे राहून हसायचे. डावीकडचा हौश्या, उजवीकडचा मोऱ्या; औताचं तोंड कुठंही असो, त्यांच्या बाजू बदलत नसत. दोन्ही बैल मी शाळेत असतानाच मेले. तीन महिन्यांत चुलत्यांनी निव्वळ बोटांनी विमान पुन्हा बांधलं. तोवर रोज संध्याकाळी ओसरीवर चुलती पाढे म्हणवून घ्यावेत तशा आवाजात त्यांच्याकडून घोकून घेत होती: दांडी डावीकडं म्हणजे हौश्या, उजवीकडं म्हणजे मोऱ्या, मागं ओढली की येसण. येसण ओढली की जनावर नाक वर करतं.

शिमग्याच्या आधीची सकाळ होती. मेकॅनिकनं सलाम केला, पायलटनं घेतला. यावेळी कुणी हसलं नाही. विमान चढलं, दोन घिरट्या झाल्या, तेल संपून इंजिन बंद पडलं आणि माळावर एकदम शांत झालं. विमान वळून आमच्याकडे तोंड करून येऊ लागलं. चुलत्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"हौश्याकडं," चुलती म्हणाली. "थोडं. बास. मोऱ्याकडं जरा. लय झालं, लय झालं, हात सैल सोडा की आवं! आता हौश्याकडं. सरळ. सरळ येऊ द्या."

चुलत्यांची बोटं ऐकत होती.

"येसण वडा. हळू. आजून. धरा तशीच."

मला वाटतं त्या दोघांनी आयुष्यात मिळून केलेलं तेवढंच एक काम. ती रानात होती तेव्हा ते नव्हते, ते विमानांपाशी होते तेव्हा ती नव्हती. चाकं मुरमावर खरखरली. विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं, धावत आलं आणि आमच्यापासून वीस पावलांवर थांबलं. चुलत्यांना कळेना. त्यांनी विचारलं, "पडलं?"

"उभं हाय," चुलती म्हणाली. "जावा, बघा हातानं."

ते गेले. गुडघ्यावर बसून त्यांनी चाकं चाचपली, पंखांची टोकं चाचपली, शेपटी चाचपली, पुन्हा चाकांवर आले. चुलती त्यांच्याजवळ गेली आणि पदरानं त्यांच्या मिशांवरचं एरंडेल पुसू लागली. मी तिकडे पाठ केली.

त्यानंतर चुलत्यांनी विमान उडवलं नाही; पुढच्या पेन्शनीत चुलतीचं मशीन आलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत उरलेली नजरही गेली. गावात कुणी आंधळा म्हातारा म्हणून त्यांची ओळख करून दिली तर मला राग येतो. माझ्या चुलत्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं विमान आमच्या माळावरून एकदा आभाळात नेलं, आणि ते चाकांवर, सगळंच्या सगळं, खाली उतरवलं.