दोघी जावा मंडळीच्या वडील

आमची मालवणाकडची प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळी लहानशी. आमच्यात पाळक उपदेश करतात, पण कारभार बघतात मंडळीने निवडलेले वडील. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकांवर वाटायचं कामही त्यांचंच, आणि आमच्याकडे ते आजवर सगळे पुरुषच. गेल्या वर्षी शेवटचे वडीलही मुलाकडे मुंबईला गेले. पाळकसाहेब म्हणाले, "वडीलच नसतील तर ही मंडळी दुसऱ्या मंडळीत विलीन करावी लागेल." म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांनी चिरे वाहून बांधलेलं देऊळ बंद! मी उठलेच. म्हटलं, "आम्हा बायकांना निवडा की."

माझे दीर कडाडले, "बायलमाणसां प्रभुभोजन वाटतली?"

मागच्या बाकावरून त्यांची बायको, माझी जाऊ, म्हणाली, "घराकडे तुमका रोज कोण वाढता?"

देवळात असा हशा पिकला! पाळकसाहेबसुद्धा हसले. मग हात वर झाले ते खाली येईनात, आणि आम्ही दोघी जावा निवडून आलो.

पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट घेऊन मी दिरांपुढे उभी राहिले. त्यांनी मान लववून तुकडा घेतला आणि ताट शेजारच्यापुढे स्वतः धरलं. दर रविवारी देऊळ उघडतं, आणि कारभार आम्ही बघतो!