देवघरातला सातवा अंक

७ ऑगस्ट २००३, गुरुवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. मी अंगणात दाढी करीत होतो. मंठ्याच्या बाजारपेठेतील कापडाच्या दुकानातून माणूस निरोप घेऊन आला. शेठ उद्या पहाटेच्या गाडीने मुलाकडे सुरतेला निघाले आहेत, ते परत येणार नाहीत, तेव्हा आज पोथी पुरी करून जा, असा तो निरोप होता.

निरोप आणणाऱ्याने ‘पोथी’ हा शब्द आदराने उच्चारला. त्याचा दोष नव्हता. ती पोथी नव्हती, हे गावात फक्त दोघांना ठाऊक होते. निदान माझी तशी समजूत होती.

शेठ माझे मित्र. त्यांचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येथे आले. मी शाळेत मराठी शिकवीत असे. माझे मूळ गाव धावडा. तेथे दर श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागे आणि वाचण्याचे काम माझ्याकडे असे. एक पान चालीवर वाचायचे, थांबून त्याचा अर्थ सांगायचा, मग पुढचे पान. आवाज बरा असल्यामुळे मंठ्यातही माझा तसा लौकिक झाला होता.

शेठना मात्र पस्तिशीत कॉमिक्सचा नाद लागला. १९८२ साली ते माल आणायला जालन्याला गेले, तेव्हा बसस्थानकावरील एका दुकानात त्यांना सुपरहिरोंच्या एका संघाचा अंक मिळाला. परदेशी मालिका, हिंदी भाषांतर. पुढे प्रत्येक फेरीत ते एकेक अंक आणू लागले. त्यांचे वडील, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत, दिवसभर दुकानाच्या गादीवर बसत आणि धर्मग्रंथाखेरीज दुसरे काही वाचणाऱ्याला रिकामटेकडा समजत. म्हणून शेठनी युक्ती केली. अंकाचे मुखपृष्ठ फाडून टाकायचे, पाठीवरच्या पिना काढायच्या, दुमडलेले ताव उलगडून एकावर एक ठेवायचे, वरखाली लाकडी फळ्या लावायच्या आणि सगळे लाल बासनात बांधायचे. लांबट सुटे ताव, लाल कापड. दुरून पाहणाऱ्याला पोथीच.

१९८४ च्या श्रावणात शेठ काविळीने पडले. डोळ्यांसमोर अक्षरे नाचत. दुकानामागच्या खोलीत त्यांना झोपवले होते. मी भेटीला गेलो, तर हात जोडून म्हणाले, “मास्तर, बासनातलं वाचून दाखवा. पण चालीवर. बाबूजी बाहेर बसून राह्यले.”

मी नकार द्यायला हवा होता. दिला नाही. आजारी माणसाची हौस म्हणून शाळा सुटल्यावर रोज एक अंक, असे सहा दिवस मी ते वाचले. हिंदी संवाद ओवीच्या चालीवर म्हणायचे आणि मराठीत अर्थ सांगायचा. बाहेर बाबूजी माना डोलावीत.

त्या सहा दिवसांत त्या साहित्याविषयी माझे जे मत झाले, ते मी कधी लपवले नाही. संघात सहा जण. एकाचा हात लोखंडी. एकजण धुके होऊन भिंतीतून जाई. एक बाई दहा कोसांवरचे कुजबुजणे ऐके, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे कधी ऐकत नसे. एक डोंगर उचले आणि एक क्षणभर काळ थांबवे. सहाव्यापाशी कोणतीच शक्ती नव्हती; तो नकाशे सांभाळी आणि इतरांना वाट सांगे. ही माणसे जेवत नसत. अंगाला चिकटलेले त्यांचे कपडे कोण धुतो, याचा पत्ता नव्हता. मारताना ‘मी आता मारतो’ असे ओरडून सांगत. शत्रूही आपला बेत आधी नीट समजावून देई आणि मग हरे. पृथ्वी वाचवायला निघालेले हे सहा जण एकदाही एका वेळी जमले नाहीत. मी पुढे सहा शिक्षक घेऊन पोलिओचे बूथ चालवले आहे. त्या सहांना एकत्र आणणे अवघड होते, तरी दुपारपर्यंत काम झालेले असे.

याहून वाईट म्हणजे कथेला धड क्रम नव्हता. पहिल्याच तावावर शत्रू मरून पडलेला असे आणि शेजारीच तो राजवाड्यात हसत बसलेला असे. ताव उलटला की इकडे संघ प्रवासाला निघालेला आणि तिकडे घरी परतलेला. प्रत्येक अंकातल्या शेवटच्या तावाची मागची बाजू तेवढी सरळ लागे, त्यालाही मी योगायोग समजलो. अर्थ सांगताना मी संतापून म्हणे, “लिहिणारा शुद्धीवर नव्हता.” शेठ पोट धरून हसत आणि मग कळ येऊन कण्हत. काविळीतल्या माणसाला बडबड सुचते, असे मी समजलो.

सहाव्या अंकाअखेर नकाशेवाला खाणीत गाडला जातो. शेठनी तो अंक आजारापूर्वी वाचला होता. नकाशेवाला जगतो की नाही, हे सातव्या अंकात होते. सातवा अंक त्यांनी आणला, पिना काढल्या, बासनात ठेवला आणि त्याच संध्याकाळी त्यांना ताप चढला. तो वाचायचा राहिला होता.

सातव्या दिवशी मी बासन सोडण्यासाठी बसलो, तोच बाबूजी आत आले. हातात नारळ, मागे नोकराच्या हातात फुलांचे ताट. ऐंशीच्या घरातला माणूस.

“कितवा अध्याय, मास्तर?”

“सातवा, बाबूजी,” अंथरुणातून शेठ म्हणाले.

“आज समाप्ती बराबर करा. पोराला बिलकुल आराम पडून राह्यला तुमच्या वाचण्यानं.” त्यांनी बासनाला फूल वाहिले, हात जोडले आणि मला समजायच्या आत वाकून माझ्या पाया पडले.

मी उठलो. चप्पल घातली आणि घरी आलो. एका लोखंडी हाताच्या माणसासाठी मी त्या वृद्धाला खोटे नमस्कार करायला लावले होते. बाबूजींनी मात्र वेगळाच अर्थ घेतला. आपल्या येण्याने वाचणाऱ्याच्या नियमाचा भंग झाला, असे त्यांना वाटले. त्यांनी बासन उचलून देवघरात ठेवले आणि घरात सांगून टाकले : लावलेली पोथी अर्धी राहिली आहे, ज्याने लावली त्यानेच ती पुरी करायची, तोवर बासनाची गाठ कोणी सोडायची नाही.

आमच्याकडे हा रिवाज खराच आहे. वाचणारा बदलत नाही.

म्हणून शेठ स्वतःचाच अंक उघडू शकले नाहीत. वर्ष-दोन वर्षे माझी वाट पाहून जालन्यात, परभणीत त्यांनी त्याची दुसरी प्रत शोधली. तोवर ती मालिका आमच्या भागात यायची बंद झाली होती आणि मुंबईतही मिळत नव्हती. दर श्रावणात ते मला विचारीत, “मास्तर, जगला का हो तो?” मी म्हणे, “असल्या मूर्खपणाला मी पुन्हा हात लावणार नाही.” बाबूजी १९९९ साली गेले; घरात त्यांचा शब्द राहिला. दोन वर्षांनी साखरेच्या आजाराने शेठची दृष्टी गेली. माझा नकार मात्र तसाच होता. एकोणीस वर्षे.

त्या गुरुवारी मी साडेदहाला तेथे पोहोचलो. घर बांधाबांधीत होते. शेठ खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते. चेहरा माझ्या पावलांकडे वळवला.

“आले का? जल्दी बसा. हे लोक माझी खुर्चीबी बांधून नेतील.”

त्यांच्या पत्नीने, भाभीजींनी, देवघरातून बासन आणून माझ्यापुढे पाटावर ठेवले. त्यावर हळदकुंकवाचे थर चढले होते. मी म्हणालो, “भाभीजी, यात काय आहे हे तुम्हाला सांगायला हवे.”

“काय सांगता? एकुणीस वर्सं मी रोज फूल वाहून राह्यली. खालच्या फळीतून हिरव्या चड्डीवाल्याचा पाय बाहेर येतो. मला दिसत न्हाई का?”

“मग वाहिले कशाला?”

“बाबूजींनी ठेवलं म्हणून. चड्डीवाल्याला न्हाई वाहिलं.”

शेठ हसू लागले. मी गाठ सोडली, वरचे सहा अंक बाजूला केले आणि सातव्याचा पहिला ताव समोर धरला. सवयीने डावीकडून सुरुवात करणार, तोच शेठ म्हणाले,

“थांबा. डावं पान वाचू नका.”

“का?”

“ते शेवटचं पान आहे.”

“पहिला ताव आहे हा.”

“ताव पहिला. पान शेवटचं. मास्तर, कॉमिक्स म्हणजे ताव मधी दुमडून एकात एक घातलेले असतात. मी ते उलगडून ठेवले. उजवीकडं पहिलं पान, डावीकडं शेवटचं. मंग पाठीमागं डावीकडं दुसरं आन उजवीकडं शेवटच्याच्या आधीचं. सगळी उजवी बाजू, अन् पाठची डावी, अशी वाचत आत जायचं. मंग उलटं बाहेर यायचं.”

मी ताव उलटून पाहिला. दुसरा उचलला. खरे होते. सहा दिवस मी सहा कथा दोन्ही टोकांकडून एकाच वेळी वाचल्या होत्या. पोथीचे पान डावीकडून उजवीकडे वाचायचे आणि उलटायचे, एवढेच मला येत होते. त्या लेखकाला मी जे जे बोललो होतो, त्यातले निम्मे त्याच्या वाट्याचे नव्हते.

“तेव्हा का बोलला नाहीत?”

“मला सहाच्या सहा पाठ होते. तुम्ही त्या लेखकावर चिडत होता, ते पहिल्यांदा ऐकून राह्यलो होतो. त्यात जास्त मजा होती. पण हा न्हाई पाठ. हा सरळ वाचा.”

अडचण अशी की त्यांनी मला थांबवले, तोवर डाव्या पानाचा शेवटचा चौकोन माझ्या नजरेखालून गेला होता. दगडांच्या ढिगाऱ्यातून एक हात वर आलेला. कोणाचा, ते कळत नव्हते. खाली ओळ होती : शेष अगले अंक में.

पुढचा अंक नव्हता. आमच्याकडे तो कधी आलाच नाही.

मी ताव पुन्हा सरळ धरला. उजव्या पानापासून सुरुवात केली. चालीवर वाचा, अशी शेठची मागणी होती. भाभीजीही गाठोडे बांधायचे सोडून भिंतीशी टेकून बसल्या. मी चालीवर वाचले. क्रमाने वाचल्यावर कथा समजली, आणि ती भिकारच होती हेही समजले. पाच जण खाणीच्या तोंडाशी उभे राहून आठ पाने भांडतात. ज्याने आयुष्यभर डोंगर उचलले, तो नेमका आज म्हणतो की खाली नकाशेवाला असेल तर दगड कसे उचलू. काळ थांबवणारा काळ थांबवतो आणि थांबलेल्या काळात भाषण करतो. ऐकणारी बाई सांगते की आत कोणीतरी श्वास घेतो आहे. मी अर्थ सांगताना म्हणालो, “ही गोष्ट तिने पहिल्या पानावर सांगितली असती, तर अंक दोन पानांत संपला असता.”

“मंग तुम्ही काय वाचलं असतं?” शेठ म्हणाले. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

शेवटच्या पानापाशी मी थांबलो.

“वाचा की.”

मी हाताचे वर्णन केले. ढिगारा सांगितला.

“कोणाचा हात?”

“लिहिलेले नाही. पुढचा अंक, असे लिहिले आहे.”

बाहेर कोणीतरी पलंगाच्या पट्ट्या मोजत होते. शेठनी खुर्चीच्या दांड्या सोडल्या. मग म्हणाले, “एकुणीस वर्सं थांबलो, मास्तर. तुम्ही तेव्हाच वाचलं असतं, तर मालिका बंद व्हायच्या आधी पुढचा अंक मी मुंबईहून मागवला असता.”

मी ताव पाटावर ठेवला.

“आता तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “पोथीत जे नसतं, ते अर्थ सांगणाऱ्यानं सांगायचं असतं. धावड्याला तुम्ही हेच करत होता. अर्धी ठेवून मी जाणार न्हाई.”

मला खोटे सांगता आले असते की तसेच छापले आहे. मी तसे केले नाही. मी म्हणालो, “हे त्यात नाही. हे माझे आहे.”

“तुमचंच सांगा.”

“हात त्याचाच. जगला.”

“मंग संघात परत गेला?”

“नाही. पाच जण आठ पाने भांडत होते, ते त्याने खालून ऐकले होते. त्याने राजीनामा दिला.”

“अन्?”

“माझ्या गावाकडे, केदारखेड्याला शेती घेतली.”

“केदारखेड्याला?” शेठ एवढ्या मोठ्याने हसले की दुकानातला माणूस डोकावून गेला. “तिथं नकाशे काय कामाचे?”

“बांधावरून भांडणे होतात. मोजणीला उपयोगी पडतात.”

“सुखी आहे?”

मी विचार केला. “पाणी कमी आहे. बाकी ठीक.”

शेठनी हात जोडले. भाभीजींनी साखर आणली; साखर चालत नाही म्हणून शेठच्या जिभेला फक्त बोट लावले आणि उरलेली माझ्या हातावर घातली. समाप्ती झाली.

निघताना शेठ म्हणाले की अंक सुरतेला नेणार; नात सहावीत आहे, ती वाचून दाखवील. मी म्हणालो, ती तावांच्या क्रमात चुकेल. ते म्हणाले, चुकू द्या. मी ऐकले नाही. गठ्ठा घरी नेला आणि दुपारभर बसलो. सात अंक, प्रत्येकी बत्तीस पाने. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक क्रमांक टाकला. सातव्याच्या शेवटच्या पानाखाली माझ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि त्या छापील नाहीत, असे कंसात नमूद केले. साडेपाचला गठ्ठा पुन्हा बासनात बांधून दुकानात देऊन आलो.