आक्काचं बोलणं

नांदेडात सुदर्शन पवळेला चेहऱ्यावरून फारसं कोणी ओळखत नाही. पण चहाच्या गाड्यावर त्यानं नुसतं "दोन कट दे" म्हटलं तरी माना वळतात. "साडी सेलवाला ना तुम्ही?" असं कोणीतरी विचारतंच. भोंगा लावलेली रिक्षा गल्लोगल्ली ओरडत फिरते, त्यात आवाज याचा असतो. सोयाबीनचं बियाणं असो, नाहीतर लातूरचे क्लास. रेकॉर्डिंग होतं साऊंडवाल्या जुबेरच्या दुकानामागं, लग्नाचे साऊंडबॉक्स ठेवतात त्या खोलीत, भिंतींना गाद्या टांगून.

सुदर्शन आवाज बनवत नाही, माणसं उचलतो. एस.टी.तला कंडक्टर, माहूरच्या पायऱ्यांवरची नारळवाली, कोणीही. आमच्या हौशी नाटकाच्या तालमीत आमच्यातल्या प्रत्येकाला त्यानं एकदा तरी उचललेलं आहे, आणि आम्ही आपल्याच नकलेवर पोट धरून हसलेलो आहोत.

त्यानं सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज मात्र सिंधुआक्काचा. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलं. आक्का मुदखेडजवळच्या खेड्यात शेती बघते, आणि तिला वस्तूंशी बोलायची सवय आहे. विहिरीवरची मोटार अडली की ती तिच्यावर हात ठेवून म्हणते, "चाल की रं लेकरा! तुला काय कमी केलं म्या?" चूल पेटेना, तरी हेच. लहानपणी तापानं फणफणलेला सुदर्शन घास घेईना, तेव्हाही हेच.

तर झालं असं, की 'वीजवीर' नावाच्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग मराठीत यायचा होता. पहिल्या भागातला तो विजेचा पोरगा लेकरांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्यात एक नवं पात्र होतं, भंगारदादा. वीजवीराचा फाटका पोशाख दुरुस्त करणारा जुनाट यंत्रमानव. त्याच्या आवाजासाठी पुण्याच्या स्टुडिओत सुदर्शनला बोलावलं.

पहिला टेक साधा झाला. काचेपलीकडून डबिंगच्या बाई म्हणाल्या, "छान. पण थोडं तुमच्याकडचं येऊ द्या ना."

पडद्यावर भंगारदादा गंजून हटून बसलेल्या एका नट-बोल्टाशी झटत होता. सुदर्शनच्या तोंडून निघून गेलं, "चाल की रं लेकरा! तुला काय कमी केलं म्या?"

काचेपलीकडं सगळे हसले. पुढच्या टेकला त्यानं 'लेकरा' लांबवलं. आणखी हसले. मग त्यानं आक्काचा घसा घेतला, तिचं दम लागल्यावरचं हुंकारणं घेतलं, आणि तिच्याकडं कधीच नव्हता असा बावळटपणा वर घातला.

रेकॉर्डिंगच्या शेवटी एक गंभीर प्रसंगही झाला. वीजवीर जखमी होऊन पडलाय, भंगारदादा त्याच्या उशाशी बसलाय. वाक्य तेच, पण हळू. तेव्हा काचेपलीकडं कोणी हललंसुद्धा नाही. नांदेडला परतल्यावर तो आम्हाला त्याच प्रसंगाबद्दल सांगत राहिला.

सिनेमा लागला. सुदर्शननं आक्काला गावाहून आणलं. ती इरकल नेसून आली, पिशवीत घरचे शेंगदाणे. "पोरांचा पिच्चर हाय म्हनं. म्या काय करू तिथं?"

"माझा आवाज ऐक, आक्का."

"तुझा आवाज काय, सकाळी रिक्षा ओरडून गेली की."

भंगारदादा पडद्यावर आला आणि टॉकीज फुटलं. आक्काही हसली, पदर तोंडाशी धरून. मग ते वाक्य आलं. आक्का अजून हसतच होती, अर्धी. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं पदर खाली घेतला. पुढच्या रांगेतली एक बाई मुलीला म्हणाली, "बघ, बघ, कसं येड्यावानी बोलून राहिलं ते!"

सुदर्शन पडद्याकडं बघत होता. शेजारी बघायची त्याची छाती नव्हती.

मध्यांतरात पाणी घ्यायला तो तिला घेऊन बाहेर आला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काय देऊ, मावशी?"

आक्कानं नुसतं बोट दाखवलं.

"थंड का साधं?"

तिनं परत बोटच दाखवलं.

उशाशी बसायचा तो प्रसंग सिनेमात आलाच नाही. कापला होता. दिवे लागल्यावर सुदर्शन घाईघाईनं सांगायला लागला, "आक्का, अजून एक सीन होता, लई भारी..."

"गाडी गाठायची हाय मला," आक्का म्हणाली. शेंगदाण्याची पिशवी खुर्चीवरच राहिली.

त्यानंतर फोनवर आक्काचे शब्द मोजके झाले. "हो." "बरं." "ठेवते." पूर्वी ती फोनमध्ये म्हशीपासून जावेपर्यंत सगळ्यांची खबर ओतायची.

इकडं मोबाइलवर वेगळाच गोंधळ. मराठवाड्यातली पोरं चिडली होती. "आमची बोली म्हणजे जोकरची भाषा का?" "दुसरा भाग म्हणजे नुसता फालतूपणा." लातूरच्या एका कॉलेजात तर भंगारदादाचं चित्र फाडलं म्हणे.

आणि मग कंपनीनं कापलेले सीन नेटवर टाकले.

जुबेर मोबाइल नाचवत दुकानाबाहेर आला. "अरे सुदर्शनभाई, लोक रडून राहिलेत! ऐक. 'हाच पिक्चरचा जीव होता.' 'भंगारदादा म्हणजे माझी आज्जी.' हा बघ, हाच गेल्या आठवड्यात तुला गद्दार म्हणत होता. आता म्हणतो, दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी!"

"त्यानं परत पाहिला का पिक्चर?"

"कशाला पाहतो? सीन पाहिला ना."

"म्हणजे पिक्चर तोच हाय."

"पिक्चर तोच, मत बदललं. तुला काय पाहिजे अजून? आता सगळं खापर कंपनीवर. तू साफ सुटलास, मियाँ!"

सुदर्शनला ते 'सुटलास' रुतलं. लोक म्हणत होते, कलाकारानं जीव ओतला आणि कात्रीनं त्याचा जोकर केला. पण कात्रीनं 'लेकरा' लांबवलं नव्हतं. तो घसा कात्रीनं काढला नव्हता. हे त्याला एकट्याला माहीत होतं. आणि आक्काला.

तरी त्याच्या मनानं घेतलं, की हा सीन आक्कानं पाहिला तर तिचंही मत फिरेल. सगळ्या जगाचं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गावी गेला.

आक्का विहिरीवर होती, हळदीला पाणी चालू होतं. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं पदरानं हात पुसले आणि उभ्या उभ्या पूर्ण पाहिलं. भंगारदादा हळूच म्हणाला, "चाल की रं लेकरा. तुला काय कमी केलं म्या?" आक्काचा ओठ हलला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "हे का काढलं मग?"

"लांबत होतं म्हणाले."

"अन् हसायचं तेवढं ठेवलं."

"ते कंपनीनं ठेवलं, आक्का. माझ्या हातात..."

"बोललास तर तूच ना?"

त्यानं मोबाइल खिशात घातला.

"हे बघून लोक आता लई चांगलं बोलतात," तो कसाबसा म्हणाला.

"बोलू दे. त्यांनी पडद्यावरचं म्हातारं बघितलं." तिनं पाण्याची दारं धरायचं खोरं उचललं. "टॉकीजात म्या बसले होते."

तो "आक्का, माझं चुकलं" म्हणाला. तिनं मान हलवली, हो म्हणायला की पुरे म्हणायला, कोण जाणे. "भाकरी झाकून ठेवलीय. जेवून जा."

तेवढ्यात मोटार घुर्रर्र करून अडली. पाण्याची धार बारीक होत थांबली. आक्का सवयीनं मोटारीपाशी गेली, तिच्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

मग तिनं वळून सुदर्शनकडं पाहिलं.

तोंड मिटून तिनं बटण दाबलं. मोटार चालू झाली नाही. तिनं परत दाबलं, एक शब्द न बोलता. सुदर्शन बांधावर उभा होता. ते वाक्य त्याला अगदी तिच्यासारखं म्हणता येत होतं, आणि त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले होते.