यांच्या हाताला जमेल असं कॉफीचं भांडं

व्हॅनमध्ये स्वयंपाकघर करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त डोकेफोड झाली ती कॉफीच्या भांड्यावरून. बाकीचं आमच्या नांदेडच्या रशीदभाईंनी, म्हणजे व्हॅनचं लाकूडकाम करणाऱ्या सुतारांनी, चहा पिता पिता निकालात काढलं. मागची सीट गेली, तिथे घडीची गादी आली. दाराशी दोन फुटांचा ओटा, त्यावर एका शेगडीचा छोटा गॅस, खाली पाण्याचा कॅन. भांडी घसरू नयेत म्हणून ओट्याला त्यांनी चारी बाजूंनी पट्टी मारली.

"भाभी, मशीन गिशीन ठेवायला जागा न्हाई बरं का," ते म्हणाले. "दोन मानसांची कॉफी हाय ना? मग लहानसं कायतरी बघा."

विजेचं यंत्र असंही बादच होतं, कारण व्हॅनची बॅटरी पंखा आणि दिवा यांतच दमते. उरले तीन प्रकार. एक, काचेची बरणी, जिच्यात वरून दांडा दाबायचा. दोन, मोका पॉट, म्हणजे खाली पाणी, मध्ये पूड, वरचा भाग पिळून घट्ट बसवायचा आणि गॅसवर ठेवायचा. तीन, दक्षिणेकडचा साधा स्टीलचा फिल्टर. इंटरनेटवर याबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडतं, पण मला हवं होतं ते कुणीच लिहिलं नव्हतं. थरथरणाऱ्या हाताला यातलं काय जमतं?

आमच्या यांना कंपवात आहे. अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले आणि वर्षभरात उजवा हात थरथरायला लागला. लग्न झाल्यापासून सकाळची कॉफी हेच करतात. मी चहावाल्या घरातून आलेली. हे तरुण असताना लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा तिथल्या कचेरीत एका तेलुगू हेडक्लार्कनं यांना कॉफीची सवय लावली, आणि यांनी मला. हात गेला तशी आधी सही गेली, मग दाढी, मग गाडीचं स्टिअरिंग. कॉफी तेवढी राहिली होती. तिच्यावर कुणी बोट ठेवलेलं यांना खपत नव्हतं.

लोक म्हणाले, एवढ्या दुष्काळात कुठे निघालात? खरंच होतं. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गोळ्यांनी थरथर थोडी आटोक्यात राहील, पण आजार वाढायचा थांबणार नाही. पावसाची वाट बघत बसले असते तर त्या हाताचं काय झालं असतं? म्हणून निघालो. बेत मोठा नव्हता. नांदेड, देगलूर, उदगीर, शिरूर अनंतपाळ, लातूर आणि अहमदपूरवरून परत. व्हॅन मी चालवणार, कॉफी हे करणार. बरणी भाच्यानं दिली, मोका पॉट मी ऑनलाइन मागवला. फिल्टर घेतला नाही, कारण हे म्हणाले, "त्यो म्हाताऱ्यांचा."

नायगाव-नरसीमार्गे देगलूरचा रस्ता तेव्हा बरा होता, फक्त ट्रक फार. पन्नाशी उलटलेली बाई व्हॅन चालवतेय आणि बाप्या शेजारी बसलाय हे बघून टपऱ्यांवरची माणसं माना वळवत होती. यांनी खिडकीची काच वर घेतली. मी खाली केली. देगलूरला बाजारात केळी आणि दूध घेतलं. केळीवाली तेलुगूत मोजत होती आणि मराठीत भांडत होती. मुक्काम ओळखीच्या एका पेट्रोलपंपाच्या आवारात. पैसे घेतले नाहीत, पण मालकानं हात जोडून सांगितलं, "ताई, पानी तेवढं मागू नका."

सकाळी बरणीची परीक्षा. पूड घातली, पाणी ओतलं, ते मी ओतलं हे यांना आवडलं नाही. मग दांडा. सरळ खाली दाबायचा, एवढंच काम. पण हात एका रेषेत जाईना. जाळी तिरपी झाली, बाजूनं गाळ वर आला आणि गरम कॉफी उसळून यांच्या मनगटावर. कपात जे पडलं ते चावून प्यावं लागलं. वर ती बरणी धुवायला इतकं पाणी गेलं की मला पंपमालकाकडे बघायची लाज वाटली. दुष्काळी भागात जाणार असाल तर ही बरणी घेऊ नका. हात चांगले असले तरी घेऊ नका.

उदगीरला यांचे जुने मित्र शिवलिंगअप्पा राहतात. बाजारपेठेत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, मागे घर. घरात कानडी, दुकानात मराठी, कपाळाला भस्म. यांनी आजाराबद्दल त्यांना अक्षरही कळवलेलं नव्हतं, आणि मलाही वाटेत दोनदा बजावलं होतं.

"बर्री, बर्री! कुंद्री," अप्पांनी कानडीत या-बसा करत गादीवर जागा केली. मग यांच्याकडे बघून, "का रं दिगंबर, खिशात हात घालून बसलास? लई मोठा सायेब झालास व्हय?"

हे हसले. हात खिशातच.

गप्पा निघाल्या त्या पाण्यावरून. दुकानाच्या पायरीवर निळी टिपाडं होती आणि त्यांच्या झाकणांना कुलपं होती. सोन्याला लावावीत तशी पाण्याला कुलपं मी पहिल्यांदा पाहिली. अप्पांना मात्र दुसरीच आशा लागलेली. "उदगीर जिल्हा होऊ दे वैनी, मग बघा. सगळं हितंच. लातूरला हेलपाटे न्हाईत."

"नव्या जिल्ह्यात पाणी येतं का?" मी विचारलं.

"तुमच्या मालकाला इचारा. नव्या जिल्ह्यात टेबलं पन नव्हती, सतरंजीवर बसून फायली लिवल्यात त्यानं. काय अक्षर हुतं याचं! टायपाला लाजवंल."

मी उगाच एक पातेलं उचलून त्याची किंमत विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना आमच्या कॉफीचं आमंत्रण. व्हॅन त्यांच्या दुकानामागेच लावली होती. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्याशी उभे. मोका पॉटमध्ये पाणी भरलं, पूड भरली, थोडी सांडली, पण भरली. मग वरचा भाग पिळायला घेतला. हा भाग जोर लावून आवळावा लागतो. मी हळूच म्हटलं, "मी आवळू का?"

"राहू दे." आवाज असा की मी मागे सरले.

गॅस पेटला. थोड्या वेळानं वरच्या नळीतून कॉफी यायला हवी, ती आली नाही. मधल्या सांध्यातून वाफ फुसफुसायला लागली, मग तपकिरी पाणी ओघळलं आणि शेगडी विझली. अप्पा दारात उभे होते. त्यांनी भांडं बघितलं, मग यांचा हात बघितला. तो आता खिशात नव्हता.

"वायसर खराब असंल," अप्पा म्हणाले.

"हां. वायसरच," हे म्हणाले.

वायसर, म्हणजे सांध्यातलं रबर, कोरा करकरीत होता. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. अप्पांनी तर सगळं आयुष्य भांड्यांत काढलेलं. ते दुकानात गेले आणि स्टीलचा छोटा फिल्टर घेऊन आले. आधी यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग फिल्टर ओट्यावर. "ह्याला पिळायचं न्हाई, दाबायचं न्हाई. वरून पानी सोडायचं आन् गप बसायचं." जाताना मला एकटीला गाठून एवढंच विचारलं, "कवापासनं हो वैनी?" मी सांगितलं. ते उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मलाही मग आवरलं नाही. एवढ्या महिन्यांत मी कुणासमोर रडले ती पहिली वेळ, आणि तीही कढया-पराती टांगलेल्या भिंतीला टेकून.

उदगीर-लातूर रस्ता सोडून आत वळलं की शिरूर अनंतपाळ. यांची एक बदली इथे झाली होती, म्हणून हा थांबा. गावाबाहेर चिंचेखाली व्हॅन लावली. रानं इतकी मोकळी की लांबचं जनावरही स्पष्ट दिसत होतं. ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. हे ओळखीची घरं दाखवत होते, पण त्यातल्या बऱ्याच घरांना कडी होती. माणसं कामाला पुण्याकडे गेलेली.

सकाळी टँकर यायचा होता आणि घागरींची रांग थेट आमच्या चिंचेपर्यंत आली होती. रांगेत एक वयस्क बाई अगदी आमच्या दाराशी बसली होती. यांना लगेच पाहुणचार सुचला. "मावशी, कॉफी घेताव का?"

"कदी पिली न्हाई बाबा. द्या की," ती हसली.

फिल्टरमध्ये पूड यांनीच भरली, आणि छान भरली. मला खरंच वाटलं, जमलं. मग किटली उचलली. पाणी फिल्टरच्या तोंडात पडेना. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं तर किटलीच कलंडली. फिल्टर आडवा झाला आणि सगळं गरम पाणी ओट्यावरून धुळीत गेलं. रांगेतल्या बायकांच्या तोंडून एकदमच "अगाई, पानी!" असं निघालं. त्यांचा काही दोष नव्हता. त्या पहाटेपासून त्याच पाण्यासाठी बसल्या होत्या.

मावशी मात्र उठून आली. "हाताला भाजलं का वो?" तिनं यांचा हात धरून बघितला. तिच्या हातात तो तसाच थरथरत होता. ती तो धरून उभी राहिली. यांनी मान खाली घातली होती आणि मला वाटलं हे आता जोरात रडतील. रडले नाहीत. कॅनमधलं उरलेलं पाणी तिच्या घागरीत ओतायला मला सांगितलं, फिल्टर रुमालानं पुसला, खोक्यात ठेवला आणि दोरी बांधायला माझ्याकडे दिला.

लातूरबद्दल मी फार सांगू शकत नाही. हॉटेलात हात धुवायला मग होता आणि मगात तळाला पाणी. जेवण कागदी ताटलीत, चव चांगली. जुनी कचेरी जिथे होती ती जागा यांना सापडली नाही. एका मेडिकलसमोर उभे राहून "हितंच हुती," म्हणाले, मग पुढच्या चौकातही तेच म्हणाले. दोन्हीकडे आम्ही चहा प्यायलो. कॉफीचा विषय मी काढला नाही, यांनीही नाही. अहमदपूर, लोहा करत नांदेडला आलो तो रस्ता चांगला आहे, पण वाटेत आमचं बोलणं फक्त कुठे डिझेल घ्यायचं एवढंच झालं.

तर भांड्याबद्दल. विजेशिवाय, कमी जागेत, कमी पाण्यात करायची असेल तर स्टीलचा फिल्टर घ्या. गाळ झटकला की निघतो, फुटत नाही, स्वस्त आहे. मनगटात जोर असेल तर मोका पॉटची कॉफी अधिक कडक होते. मी भांडं शोधायला नव्हे, यांचा हात आहे तिथेच थांबावा म्हणून निघाले होते, हे मला आता कळतंय. तसं करणारं भांडं कुठे मिळत नाही. मला फार वाईट वाटतं, आणि ते इथे लिहायला मला संकोच नाही.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी हे नेहमीसारखे माझ्या आधी उठले होते. मी आत गेले तर ओट्याशी नव्हते, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर, उघडा.

"आजपासनं तू कर," म्हणाले.

मी फिल्टर लावला, दूध तापवलं, दोन कप मांडले. माझ्या कपात साखर घातली. यांच्या कपाशी येऊन थांबले. एवढा संसार झाला, पण या माणसाला कॉफीत साखर किती लागते हे मला माहीत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती.

"तुम्हाला साखर किती हो?"

यांनी कपाकडे बघितलं. "मोजली न्हाई गं कदी," म्हणाले. "हात जाईल तेवढी घालायचो."

मी एक चमचा घातला आणि कप यांच्या ओठांशी धरला. घोट घेऊन यांनी मान हलवली. अजून. अर्धा घातला. पुन्हा धरला.

"बास," म्हणाले.