लांब पाठीची चिमी

चुडामण धुळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. पुढची सव्वीस वर्षं त्याने बैल पाडले, जखमांतले किडे काढले, लाथा खाल्ल्या. आता गुडघा वाकत नव्हता आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती. कुत्र्यांशी त्याचा संबंध आला तो पिसाळलेल्यांपुरताच.

म्हणून सदुसष्टच्या हिवाळ्यात मारवाडी गल्लीतल्या हीराबाईंनी टोपलीतून एक जनावर काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा तो नुसता बघत राहिला. तोंड कोल्ह्याचं, केस झुबकेदार, अंग लांबट आणि पाय वीतभरही नाहीत. त्यांचा मुलगा प्रकाशचंद याने मुंबईहून आणलेली ही कुत्री. बाप पामेरियन, आई कुणा साहेबाकडची बुटकी, लांब पाठीची. नाव चिमी.

डॉक्टर म्हणाले, "दोन जातींचं दिसतंय. माझ्या पुस्तकात नाही सापडणार. तूच बघ."

ती मागचे पाय ओढत होती. चार प्रश्न विचारल्यावर चुडामणला कळलं, की हीराबाई झोपाळ्यावर बसल्या की ही उडी मारून चढते, उडी मारूनच उतरते.

"अक्का, हिची पाठ लांब अन् पाय आखूड. उड्या हिच्या कामाच्या नाहीत. उचलून घेत जा."

पुढे तो मलमपट्टीला त्यांच्या घरीही जाऊ लागला. हीराबाई त्याच्यासाठी पाण्याचा पेला हातात न देता ओट्याच्या पायरीवर ठेवत. त्यात त्याला नवं काही नव्हतं. चिमी मात्र हळूहळू कळत गेली. शेपटीकडून हात लावला की चावायची, हनुवटीखाली लावला की डोळे मिटायची. अंग छोटं, राग बैलाचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी हीराबाई टांग्याने आल्या. चिमी सकाळपासून अडली होती. डॉक्टर लस टोचायला शिंदखेड्याला गेलेले. तेरा बैल हातावेगळे करून चुडामण नुकता भाकरीला बसला होता.

"मी डॉक्टर नाही, अक्का."

"मग इथं दुसरं कोण आहे, चुडामणभाऊ?"

दुसरं कुणीच नव्हतं. त्याने भाकरी गुंडाळून ठेवली, हात धुतले, बोटांना तेल लावलं. पिल्लांचा बाप गल्लीतला दांडगा कुत्रा असणार. पिल्लाचं डोकं मोठं, वाट अरुंद. बैलांत राबलेली जाड बोटं त्याला आज जास्तच जाड वाटली. हीराबाई ओठातल्या ओठात नवकार मंत्र म्हणत होत्या. अर्ध्या तासाने पहिलं पिल्लू आलं, मेलेलं. दुसरं आपणच आलं आणि चिरकलं. तिसरंही मेलेलं. एवढ्या वेळात चिमी एकदाही चावली नाही.

चुडामण भिंतीला टेकून खाली बसला. त्याचे हात कोपरापर्यंत माखलेले. हीराबाईंनी आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, खाली वाकून पेला त्याच्या ओठाला लावला आणि संपेपर्यंत धरून ठेवला. तो पाणी प्यायला. त्यावर विचार करण्याएवढं बळ त्याच्यात नव्हतं.

संध्याकाळी घरी बायकोने, मंदाबाईने, ताट वाढलं. "आज उशीर व्हयना?"

"एक कुत्री अडेल व्हती," तो म्हणाला. "सुटनी."

आणखी काही सांगायच्या आधीच त्याचा डोळा लागला. चिमी जगली, पिल्लूही जगलं. पण त्या पिल्लाचे पाय बापासारखे लांबच लांब निघाले.